जावईबापूंचं पाणी

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला आपलं भांडण झालं असतं, म्हणून कागद घेतला. कागदावर निदान एका वेळी एकालाच बोलता येतं.

काम जावईबापूंचं आहे. तू त्यांना 'तो सरडा' म्हणतेस. बाईने 'जावईबापू' हे नाव का ठेवलं ते तुला आठवत असेल. ती म्हणायची, आपल्याला मुलगी नाही, मग जावयाचे लाड करायचे तरी कुणाचे? हे बसल्या जागेवरून हलत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, मनासारखं झालं नाही की रंग बदलतात आणि सगळं हातात आणून द्यावं लागतं. बाई गेल्यावर खोल्या सोडून मी इथे गावी परत आलो, तेव्हा हे पिंजऱ्यासकट मांडीवर बसून आले. वाटेत एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आता गेले दहा दिवस त्यांचे दोन्ही डोळे सुजून मिटलेत. रातकिडा समोर सोडला तर जीभ भलतीकडेच जाते. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कार्डावर मालकाचं नाव विचारलं, मी 'बाई' म्हणालो. मग सगळं सांगावं लागलं, की माझी बायको, शाळेत चित्रकला शिकवायची म्हणून बाई, ती घरातही बाईच झाली, आणि ती गेली. डॉक्टर भले आहेत, त्यांनी कार्डावर तेच नाव राहू दिलं. मग म्हणाले, याच्या अंगात पाणी कमी आहे आणि डोळ्यांना काहीतरी चुरचुरतंय. औषध देतो, पण आधी तुमच्या फवाऱ्याचं पाणी सुधारा.

तुला माहीत आहे, हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. पानांवर थेंब पडले तरच पितो, डोळेही त्याच फवाऱ्यात धुतो. मी दर वेळी पाणी उकळतो, गार करतो, मगच कॅनमध्ये भरतो. याहून चांगलं काय करणार? तू तेवीस वर्षं पाण्यातच आहेस. सांग.

ताई, हा एकच जीव तिच्या हातचा उरला आहे. तो जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

धाकटा


८ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

मी पाण्यातली आहे हे खरं, पण माझं पाणी माणसांच्या रक्ताशेजारून जातं. रोज सकाळी डायलिसिसच्या पेशंटची पहिली पाळी खुर्च्यांवर बसायच्या आधी मी कार्बनच्या टाकीमागून नमुना घेते, क्लोरीन बघते, क्षार बघते, आणि माझी सही झाल्याशिवाय एकही मशीन सुरू होत नाही. सरड्यांचं मला काही कळत नाही. तरी पाणी ते पाणीच. विचारते त्याची नीट उत्तरं दे.

पाणी नळाचं की विहिरीचं? कॅन केवढा, किती दिवसांनी भरतोस, भरण्याआधी घासतोस का? नोजल किती आहेत, त्यांच्या तोंडावर पांढरं दिसतं का? इमारतीत पाणी मऊ करायचं यंत्र आहे का? असेल तर ते पाणी देऊ नकोस, त्यात मीठ येतं. एका स्वच्छ बाटलीत नमुना भरून पाठव, म्हणजे अंदाजाने बोलायला नको.

आणि उकळतोस कशाला? माणसाला प्यायचं पाणी उकळतात. फवाऱ्यासाठी कुणी उकळत नाही. उकळलं की त्यातला चुना मोकळा होतो. थोडा भांड्याला धरतो, उरलेला बारीक कण होऊन तुझ्या कॅनमध्ये जातो आणि नोजलमध्ये अडकतो. चांगलं करायला गेलास आणि घोटाळा करून बसलास.

तू भांडणाचा विषय काढलास म्हणून मीही लिहिते. मी काही विसरलेले नाही. किडन्या निकामी झाल्या म्हणून बाईला दिवसाला पाऊण लिटर पाणी ठरवून दिलं होतं. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी तिला काट्यावर उभी मीच करायचे. वजन जास्त यायचं, म्हणजे पाणी जास्त झालेलं असायचं, तेव्हा मी तुला म्हणाले, कुलुपं करून पोट भरतोस, एक स्वतःच्या स्वयंपाकघराला लाव. तू लावलंस. त्यानंतरही वजन जास्तच येत राहिलं. किल्ली एकट्या तुझ्याकडे. मग पाणी तिला कोण देत होतं? हे मी तेव्हा विचारलं आणि तू मान खाली घातलीस. शेवटी हृदयावर भार येऊन ती गेली. आजही तेच विचारावंसं वाटतं, पण सरड्याच्या पत्रात नको.

नमुना लवकर पाठव.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

नमुना या पत्राबरोबरच्या खोक्यात आहे. कापसात गुंडाळला आहे.

पाणी नळाचं. मऊ करायचं यंत्र नाही. कॅन पाच लिटरचा, पाच-सहा दिवसांनी भरतो, पिंजऱ्याखालच्या स्टुलावर असतो. त्याला पंप, पंपाला नळी आणि वर जाळीला दोन नोजल. टायमर दिवसातून तीनदा चालू होतो, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दर वेळी दोन मिनिटं. नोजलच्या तोंडांवर पांढरी टोपी चढली आहे. एकातून फवारा येतो, दुसऱ्यातून नुसती लाळ गळते. कॅन घासायचा असतो हे मला माहीत नव्हतं. उकळलेलं पाणी आत जातं, मग घाण कुठली, असं वाटायचं. तुझं पत्र आल्यावर आत हात घातला तर बोटांना बुळबुळीत लागलं. बोटं धुतली आणि मग खूप वेळ तिथेच उभा राहिलो.

उकळायची सवय लागली आहे. दुसरं काही नाही.

दुकानात काम बरं चाललंय. एका म्हातारबाबांच्या कपाटाची किल्ली हरवली होती. कुलूप उघडून दिलं तर आत काहीच नव्हतं. ते म्हणाले, माहीत होतं, पण उघडत नाही म्हणून झोप लागत नव्हती. त्या स्वयंपाकघराची किल्ली अजून माझ्या जुडग्यात आहे. खोल्या सोडताना दार मालकाला दिलं, कुलूप काढून आणलं. आयुष्यात हजारो कुलुपं बसवली, पण ते बसवताना पहिला स्क्रू दोनदा वाकडा गेला. बाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "स्क्रू नीट पिळा हो, नाहीतर ताई तुम्हाला रागावतील."

तुला टोचायला लिहीत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

जावईबापू उजवा डोळा उघडायचा प्रयत्न करतात. अंगाचा रंग मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला आहे. बाई असती तर वहीत रंगाचा ठिपका काढून त्याखाली तारीख घातली असती.

धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

नमुना आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरीकडून तपासून घेतला. तिला सांगितलं, पेशंट खास आहे. तिने वय विचारलं, मी म्हणाले चार वर्षं. ती घाबरली. मग खरं सांगितलं तर हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी आमच्या खोलीत कुणी हसलं.

निकाल असा. चुना भरपूर. क्लोरीन शून्य. जंतू इतके की मोजायचा तिला कंटाळा आला. हे का झालं ते समजून घे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो पाण्याचा राखणदार. तू उकळून त्याला हाकललास आणि ते बिनराखणीचं पाणी पाच-पाच दिवस कॅनमध्ये ठेवलंस. आत बुळबुळ होणारच. तेच पाणी फवाऱ्यातून त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत जातंय.

आता काय करायचं ते ऐक. आरओचं पाणी घे. त्यात चुना नसतो, नोजल बुजत नाहीत. पण त्यातही राखणदार नसतो, हे विसरू नकोस. लोकांना वाटतं शुद्ध पाणी टिकतं. उलट आहे, तेच सगळ्यात आधी नासतं. आमच्याकडे म्हणूनच सगळ्या नळ्या ठरलेल्या दिवशी धुवाव्या लागतात. तेव्हा कॅन भरून ठेवायचा नाही. दोन दिवसांपुरतं घाल, उरलेलं ओतून दे, कॅन गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळव. नोजल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाक आणि मग साध्या पाण्याने खळखळून धू, वास राहता कामा नये.

नोजल साफ झाले की एक मोजमाप कर. दोन्ही नोजल एका भांड्यात धरून बरोबर एक मिनिट पंप चालव आणि किती पाणी आलं ते मापाच्या भांड्याने मोज. बाई वही ठेवायची म्हणतोस, तर त्यात कॅन कधी कधी भरला याच्या जुन्या नोंदी असतील तर त्याही पाठव. पंप आधीपासूनच दमत आला आहे का, ते त्यावरून कळेल. तसं असेल तर पंप बदलावा लागेल, नाहीतर त्याच्या अंगात पाणी कमीच पडणार.

स्क्रूचं वाचलं. ती असं म्हणाली हे मला माहीत नव्हतं.

उकळायची सवय कधीपासून लागली तुला? तुझ्या हातचा चहासुद्धा कधी धड उकळलेला नसायचा.

ताई


२ मार्च

ताई,

उजवा डोळा उघडला! डावाही अर्धा. काल एक रातकिडा पहिल्याच फटक्यात पकडला आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू इतके दिवस जेवण उशिरा मिळालं याची तक्रार करायची होती. डॉक्टर म्हणाले, संकट टळलं म्हणायला हरकत नाही. हे तुझे उपकार आहेत. लहान भावाने मोठ्या बहिणीला असं लिहायचं नसतं, पण लिहिलं.

व्हिनेगरमधून काढल्यावर नोजल नव्यासारखे झाले. मोजमाप तीनदा केलं. दोन्ही मिळून एका मिनिटाला दीडशे मिलिलिटर. तिन्ही वेळा तेवढंच, म्हणजे पंप ठणठणीत आहे.

बाईच्या वहीतली मे ते सप्टेंबरची पानं पाठवतो. कॅन भरला त्या दिवशी ती निळ्या रंगाचा थेंब काढायची आणि तारीख लिहायची. कॅन मी भरायचो, थेंब ती काढायची. पिवळे-हिरवे ठिपके जावईबापूंच्या रंगाचे आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

ही पानं पाकिटात घालायला मला चार दिवस लागले. जपून ठेव आणि परत पाठव.

धाकटा


१० मार्च

धाकट्या,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. हे तिसरं.

पानं मिळाली. पंपाचा हिशोब करायला बसले होते. मिनिटाला दीडशे, दिवसाला सहा मिनिटं, म्हणजे नऊशे. पाच लिटरचा कॅन साडेपाच दिवस पुरायला हवा. मे महिन्यात पुरतोय. निळे थेंब पाच, सहा, पाच, सहा दिवसांनी पडलेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून थेंब दर चौथ्या दिवशी पडायला लागतात आणि शेवटपर्यंत तसेच पडत राहतात. पंप तोच, टायमर तोच, सरडा तोच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तू कुलूप बसवलंस. मी सांगितलं म्हणून.

दिवसाला साडेतीनशे मिलिलिटर पाणी कॅनमधून जात होतं आणि फवाऱ्यातून येत नव्हतं. मी उठून वजनांची जुनी वही काढली. बुधवारी, शुक्रवारी सातशे ग्रॅम जास्त. सोमवारी, मध्ये रविवार येतो म्हणून, किलोभर जास्त. प्रत्येक आठवड्याला तेच. धाकट्या, एवढा चोख हिशोब मी नोकरीत कधी पाहिला नाही.

ती सरड्याच्या कॅनमधलं पाणी पीत होती.

मोरीसुद्धा स्वयंपाकघरातच, म्हणजे सगळ्या घरात कुलूप नसलेलं पाणी तेवढंच होतं. आपण दोघांनी तिच्यासाठी तेवढंच शिल्लक ठेवलं होतं. आणि मी तुला काय काय बोलले! तिच्यासमोर बोलले, नर्सेससमोर बोलले, ती गेल्यावर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी राहून बोलले की तुझ्या प्रेमानेच ती गेली. तू एक शब्द उलट बोलला नाहीस. मला वाटलं, चोर आहे म्हणून गप्प आहे.

तेवीस वर्षांत मी न तपासता सही केली नाही. तुझ्या बाबतीत मात्र न तपासताच निकाल दिला. तू तिला एक थेंबही दिला नव्हतास. मला माफ कर. मोठी आहे म्हणून ही माफी कमी समजू नकोस.

तिच्यावर रागावू नकोस. मी इतक्या माणसांना तहानलेलं बघितलं आहे, पण ती तहान मला कधी कळली नाही. कामावरून आले की मी गटागटा दोन ग्लास पाणी पिते. परवा पहिल्यांदाच ते ग्लास मापाने मोजले.

पानं परत पाठवते आहे. घडी घातलेली नाही.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझी माफी मी ठेवून घेऊ शकत नाही. ती मिळावी म्हणून पानं पाठवली नव्हती. तू मोजमाप मागितलंस तेव्हाच मला कळलं की तू बेरीज-वजाबाकी करणार. पानं उंदरांनी खाल्ली असं लिहिता आलं असतं. पण मला दुसरं कुणी नाही, ज्याला हे सांगता येईल, आणि तोंडाने सांगायची हिंमत नव्हती.

मला माहीत होतं.

जुलैच्या सुरुवातीला एका दुपारी कानस घरी विसरली म्हणून परत आलो. कुलपांचं काम करतो, दार न वाजवता उघडायची सवय आहे. ती पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली होती. फवारा नुकताच थांबला होता, पानांवरून थेंब गळत होते आणि जावईबापू मान वर करून एकेक थेंब पीत होते. तिच्या हातात ब्रश धुवायचा तो पत्र्याचा मग होता. कॅनमध्ये बुडवून तिने तो भरला आणि प्यायली. घाई केली नाही. तो एक थेंब पिणार, मग ती एक घोट घेणार, असं चाललं होतं. तिचा चेहरा मी दोन वर्षांत तसा शांत पाहिला नव्हता.

मी दार तसंच ओढून घेतलं, जिन्यात थांबलो आणि थोड्या वेळाने मुद्दाम पाय वाजवत वर आलो. तेव्हा तो पत्र्याचा मग पुसून चकचकीत करून खिडकीत उपडा ठेवलेला दिसला.

मी काय करायला हवं होतं ते तू सांगू नकोस, मला माहीत आहे. कॅनलाही कुलूप लावायला हवं होतं. निदान तुला सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी हातात छोटं कुलूप घेऊन मी कॅनसमोर बसलो होतो. तुझ्याने झालं असतं, माझ्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी उकळायला लागलो. तोवर कॅनमध्ये साधं नळाचं पाणी जायचं. पिणारच आहे तर निदान उकळलेलं प्यावं, एवढंच माझ्या हातात होतं. तिने विचारलं, "जावयाचे एवढे लाड?" मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. ती माझ्याकडे बघून हसली आणि निळा थेंब काढला. तिला कळलं होतं की मला कळलं आहे, असं मला वाटतं. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत एकमेकांना ते म्हटलं नाही. दोनदा मी भीतीने कॅन अर्धाच भरला. दोन्ही वेळा तिने काही विचारलं नाही, आणि दोन्ही वेळा मला दुसऱ्या दिवशी तो पूर्ण भरावासा वाटला आणि मी भरला.

तू पायऱ्यांवर जे बोललीस ते खरंच होतं. म्हणून उलट बोललो नाही.

ती गेल्यावरही मी उकळतच राहिलो. पहिल्या दिवशी सवयीने भांडं गॅसवर ठेवलं, पाणी उकळलं, आणि ज्याच्यासाठी उकळलं ते माणूस घरात नाही हे तेव्हा लक्षात आलं. ओतून देववेना. कॅनमध्ये भरलं. मग दर वेळी तसंच भरत गेलो. त्याच पाण्याने जावईबापूंचे डोळे गेले असते. तू आरओचं आणायला सांगितलंस, ते आणलं, भरलंही. पण ताई, रोज सकाळी मी त्या भांड्यात थोडं पाणी अजून उकळतो आणि गार झालं की झाडाला घालतो.

आता काय म्हणायचं ते म्हण.

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

काही म्हणायचं नाही.

त्या पाण्याने ती गेली का, हे मला सांगता येत नाही. तिचं हृदय दोन वर्षांपूर्वीपासूनच दमलेलं होतं, हे आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं आणि मी तुला सांगितलं नव्हतं, कारण तू खचला असतास. म्हणजे लपवाछपवी घरात आपण तिघांनीही केली. साडेतीनशे मिलिलिटरने तिचे किती दिवस गेले आणि किती दिवस सुखाचे झाले, हे माझ्याकडच्या कुठल्याही तपासणीत कळत नाही. तुझ्या जागी मी असते तर कॅनला कुलूप लावलं असतं. तू लावलं नाहीस. दोघांपैकी तिचं जास्त कोण होतं, हे मला आता विचारायचं नाही.

काट्यावर चढताना ती दर वेळी विचारायची, "ताई, आज पास का?" आणि मी आकडा बघून तोंड वाकडं करायचे. एकदा तरी तिच्या तोंडाकडे बघायला हवं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. जावईबापूंना दोन दिवस पुरेल एवढं आमच्याकडचं पाणी आणते, ताजं, मी स्वतः तपासलेलं. ते स्वयंपाकघराचं कुलूप बाहेर काढून ठेव, परत जाताना मी घेऊन जाईन. ते मी लावायला सांगितलं होतं, ते माझ्याकडे राहू दे. पत्र्याचा तो मग मात्र तूच ठेव.

आणि उद्यापासून पाणी उकळू नकोस. आता कॅनमधलं पाणी फक्त सरडाच पितो.

ताई